एआयओचा रेडिएटर समोर की वर? (सोलापूरचा उन्हाळा गृहीत धरून सांगा)

क्षणचित्र
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. एप्रिल-मे म्हणजे आमच्या धंद्याची सुगी, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर तापून रेंगाळायला लागतो.

मशीन असं आहे: रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, २४० मिमीचा एआयओ लिक्विड कूलर (प्रोसेसरवर बसलेला पंप बंद नळ्यांतून पाणी फिरवतो, ते पाणी रेडिएटरमध्ये पंख्यांनी गार होतं). दुकानदाराने रेडिएटर समोर लावलाय, त्याचे दोन्ही पंखे हवा आत ओढतात. नळ्या वरच्या बाजूला आहेत. मागे एक पंखा हवा बाहेर टाकतो. कॅबिनेटचं छत रिकामं आहे.

खोली थेट गच्चीखाली, दुपारी आत ३८ अंश. मोठं रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की अर्ध्या तासात प्रोसेसर ९५ ला जाऊन चिकटतो, ग्राफिक्स कार्ड ८३. सकाळी सुरू करताना खुळखुळ असा आवाजही येतो. दुकानात विचारलं तर "उन्हाळ्यात असंच असतं" एवढंच उत्तर मिळालं.

रेडिएटर वर हलवू का? किती पंखे आत, किती बाहेर? गिऱ्हाइकांना तारखा दिल्यात, त्यामुळे नीट विचार करूनच हात लावायचाय.

शेंगाचटणी
समोर काच आहे का जाळी?

क्षणचित्र
जाळी आहे. तिच्या आत स्पंजासारखा एक पातळ फिल्टर आहे.

फ्रेमरेट
समोरच ठेव भावा. रेडिएटरला खोलीची ताजी हवा मिळते. वर लावलास तर कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून जाणार आणि प्रोसेसर अजून तापणार. माझ्याकडे गेम खेळताना समोर लावल्यावर प्रोसेसर स्पष्ट थंड राहतो.

होटगीकर
फ्रेमरेट म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. आकडे मांडून बघू.

मिनिटाला ६० घनफूट हवा कॅबिनेटमधून खेळत असेल, तर ती एका अंशाला साधारण ३२ वॉट उष्णता उचलून नेते. ४०७० पूर्ण भारावर २०० वॉट घेतं. म्हणजे कार्डामुळे आतली हवा ६ अंशांच्या आसपास तापते. ७७००एक्स जास्तीत जास्त १४२ वॉट ओढतो, त्याने हवा साडेचार अंशांनी तापते. आता रेडिएटर समोर लावा, कार्डाला साडेचार अंश जास्त गरम हवा मिळेल. वर लावा, प्रोसेसरच्या रेडिएटरला फार तर सहा अंश जास्त गरम हवा मिळेल. कसंही केलं तरी फरक एवढाच.

पण हे सगळं ६० घनफुटांवर उभं आहे. हवा निम्मी झाली की हेच आकडे दुप्पट होतात. क्षणचित्र यांच्याकडे आत येणारी एकूण एक हवा त्या दोन पंख्यांतूनच येते, आणि तिला आधी फिल्टर, मग रेडिएटर असे दोन अडथळे ओलांडावे लागतात. रेडिएटरच्या पट्ट्या इंचाला वीसेक असतात, त्यातून हवा ढकलणं सोपं नाही. कॅबिनेटचा श्वासच कोंडलाय. म्हणून माझं मत: रेडिएटर वर, बाहेर टाकणारा. समोरची जागा मोकळी करून तिथे १२० मिमीचे तीन साधे पंखे, आत ओढणारे. मागचा आहे तसा राहू दे.

आणखी एक. लिक्विड कूलर म्हटलं की लोकांना आत फ्रीज बसवलाय असं वाटतं. पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून इथे नुसतं "८५ अंश" लिहू नका. खोली किती आणि प्रोसेसर किती, दोन्ही लिहा. पुण्यातल्या २६ अंशांच्या खोलीतले ८० आणि आपल्याकडच्या ३८ मधले ९२ ही एकाच दर्जाची कामगिरी आहे.

फ्रेमरेट
हिशोब पटला. तरी गेमवाल्यांना समोरच बरं असं अजूनही म्हणेन, कारण खेळताना प्रोसेसर १४२ वॉट ओढतच नाही आणि समोरचा रेडिएटर फारसा तापत नाही. रेंडरिंगमध्ये दोन्ही तासन् तास जोरात चालतात, तिथे तुमचं बरोबर.

होटगीकर
हो, तेवढं मान्य. काम बदललं की मांडणी बदलते.

निवृत्त_फिटर
मी गिरणीत पंप आणि पाइपलाइनवर आयुष्य काढलं. कॉम्प्युटर नातवाचा, पण पाण्याचा नियम तोच आहे.

बंद सर्किटमध्ये थोडी हवा असतेच आणि वर्षं सरतात तशी ती वाढते, कारण रबराच्या नळीतून पाणी अगदी हळूहळू उडून जातं. ही हवा सर्किटमधल्या सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा रेडिएटरची टाकी असली पाहिजे, पंप नव्हे. पंपात हवा शिरली की तो कोरडा फिरतो, आवाज करतो आणि लवकर मरतो. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला कधीही लावू नये.

क्षणचित्र, तुमचा रेडिएटर समोर उभा आहे, त्याचा वरचा काठ पंपाच्या वर आहे ना? मग धोका नाही. पण नळ्यांची तोंडं वर असल्याने जमलेली हवा तोंडापाशीच आहे. रात्रभर बंद राहिलं की ती तिथे साठते आणि सकाळी पंप सुरू झाला की बुडबुडे नळीतून खाली येतात. खुळखुळ ती हीच. समोरच ठेवणार असाल तर नळ्या खाली करा. छताला लावलात तर रेडिएटर आपोआप पंपाच्या वर जातो.

क्षणचित्र
काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हो, वरचा काठ पंपाच्या वर आहे. मनापासून आभार.

टॉवेलवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं यंत्रमागाचं युनिट आहे. टॉवेलचं जकार्ड डिझाइन ज्या कॉम्प्युटरवर होतं तो शेडला लागूनच्या केबिनमध्ये असतो. हवेचं गणित वर आलं, आता हवेत काय असतं ते सांगतो. तूस.

धूळ मोकळी असते, झटकली की उडते. कापसाची तूस, म्हणजे सुटे बारीक तंतू, एकमेकीत गुंतते. पंखा रेडिएटरच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि हवा आत ढकलत असेल, तर ती पंख्याच्या पात्यांतून जाऊन पंखा आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली करड्या रंगाची अखंड लादी निघते. बोटाने एका कोपऱ्यातून उचलली तर सबंध सोलवटते, तिच्या पाठीवर पट्ट्यांच्या रेघा उमटलेल्या असतात. इतकी घट्ट बसलेली असते. तिच्यातून मिनिटाला ६० घनफूट जाऊन दाखवा!

आमच्याकडे रेडिएटर समोरच ठेवावा लागला, कॅबिनेट तसलं आहे. मग पंखे रेडिएटरच्या आतल्या बाजूला घेतले, म्हणजे ते हवा खेचतात. आता तूस रेडिएटरच्या दर्शनी तोंडावर बसते, जाळी काढली की डोळ्यांना दिसते, मऊ ब्रशने निघते. थंडाव्यात फरक जाणवत नाही, सफाईत जमीन-अस्मानाचा आहे.

ज्यांचं घर मागांच्या वस्तीत आहे, साखर पेठ, अशोक चौक, सगळा पूर्व भाग, त्यांनी हे जरूर करावं.

शेंगाचटणी
पंखा आत ओढतोय की बाहेर फेकतोय हे ओळखायचं कसं? माझ्या पंख्यांवर बाणच नाही.

टॉवेलवाला
मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या आणि वायर ज्या बाजूला असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. उघडी, सुबक दिसणारी बाजू हवा ओढते.

अंगणातली_तुळस
त्याहून सोपं सांगते. उदबत्ती पेटवून जाळीपासून चार बोटं लांब धरायची. धूर आत वळला तर ओढतोय, मागे फेकला गेला तर टाकतोय. मी कॅबिनेटभोवती सगळीकडे फिरवून बघितली, तर मागच्या रिकाम्या फटींमधून धूर आत शिरत होता. म्हणजे बाहेर टाकणारे पंखे जास्त आणि आत घेणारे कमी. कॅबिनेट मिळेल त्या भोकातून हवा ओढत होतं, आणि तिथे फिल्टर नसतो.

होटगीकर
ताई, अगदी चोख चाचणी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची. म्हणजे फटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत येत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात हे मी रेडिएटरच्या जागेपेक्षाही वरचं मानतो. समोर तीन, वर रेडिएटरचे दोन आणि मागे एक, असे आत-बाहेर तीन-तीन झाले तरी वरच्या दोघांना रेडिएटरचा अडथळा असतो, त्यामुळे पारडं आतल्या बाजूला झुकलेलं राहतं. मागचा जरा हळू फिरवायचा.

समोरच्या फिल्टरचा स्पंज मात्र काढून टाका. बारीक नायलॉनची जाळी लावा, ती नळाखाली धुता येते.

अंगणातली_तुळस
माझाही एक प्रश्न आहे. आमच्याकडे खोलीत पाण्याचा कूलर लावतो. मुलगा म्हणतो, त्याचा झोत कॉम्प्युटरवर सोडू नको, आत दव धरेल. ह्यांचं म्हणणं, गार हवा आहे, सोडायला काय हरकत? कोण बरोबर?

निवृत्त_फिटर
ताई, थोडे थोडे दोघंही. दव धरायला एखादी वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा गार लागते. चालू कॉम्प्युटरमधलं सगळं खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे तिथे दव धरत नाही. पण थेट झोतात बारीक थेंब उडून येऊ शकतात, खासकरून पाणी जोरात सोडलं आणि ताटी चिंब झाली की. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात. थेंब वाळला की मदरबोर्डवर पांढरा डाग राहतो, त्यावर ओल आली की गंज धरतो. झोत थेट नको.

खोली मात्र कूलरने जरूर गार करा. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलर खोली आठ-दहा अंश सहज खाली आणतो. तेवढेच अंश प्रोसेसरच्याही आकड्यातून उतरतात. कोणताही महागडा रेडिएटर एवढं देत नाही. कूलर खिडकीत बाहेरून हवा ओढेल असा ठेवायचा आणि समोरची एखादी खिडकी किलकिली करायची. सगळं बंद ठेवलं की दमट होतं आणि कूलरचा गुण जातो.

सध्या_पुण्यात
तुम्ही लोक उदबत्त्या, ताट्या, तूस… इथे कोथरूडला मी रात्री खिडकी उघडतो, झालं.

शेंगाचटणी
पुण्यात राहून सोलापूरकराला उन्हाळा शिकवू नये. इथे सात रस्त्यावर दुपारी सिग्नलला उभं राहा, मग बोल बे.

सध्या_पुण्यात
अरे मी पण बाळीवेशीतलाच आहे! दर मे महिन्यात येतो, पहिल्या दुपारी घरात झोपून असतो. येताना इथल्या मित्रांची शेंगा चटणीची आणि कडक भाकरीची यादी असतेच. तुझं नाव वाचूनच भूक लागली.

शेंगाचटणी
मग माफ. बाळीवेशीतल्या माणसाला सगळं माफ.

वायुप्रेमी
अवांतर थांबवून एक उलटं मत मांडतो. १४२ वॉटच्या प्रोसेसरला पाणी हवंय कशाला? दोन मनोऱ्यांचा चांगला एअर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारे धातूच्या पट्ट्यांचे दोन ठोकळे आणि पंखा, एवढी उष्णता आरामात सांभाळतो. पंप नाही, नळी नाही, हवेचा बुडबुडा नाही. तूस बसली तर डोळ्यांना दिसते. एआयओची वॉरंटी साधारण तीन ते सहा वर्षं; एअर कूलरचा पंखा बदलला की तो पुढच्या मशीनवरही चालतो. धंद्याचं मशीन आहे, ऐन सीझनमध्ये पंप गेला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

होटगीकर
नवीन घेणाऱ्याला मीही हेच सांगेन. पण यांच्याकडे एआयओ आहेच, चालतोय, टाकून कशाला द्यायचा?

आता ९५ च्या आकड्याबद्दल. रायझन ७००० मालिका पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाणार हे खुद्द एएमडीनेच सांगितलंय. तिची रचनाच तशी आहे. जागा मिळाली की तो वेग वाढवत ९५ कडे सरकतो. शिवाय उष्णता इवल्याशा चकतीतून निघते, ती वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचतानाच बरेच अंश चढतात. त्या टप्प्यावर रेडिएटर काही करू शकत नाही. म्हणून पंखे कितीही लावले तरी ३८ च्या खोलीत पूर्ण भारावर हा प्रोसेसर ८० पर्यंत उतरणार नाही.

उन्हाळ्यापुरता बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॉटचा इको मोड लावा. नाव ६५ चं असलं तरी त्यात तो जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण तापमान एकदम खाली येतं आणि कॅबिनेटमधली एकूण उष्णताही कमी होते, म्हणजे कार्डालाही आराम.

क्षणचित्र
वायुप्रेमी यांची पंपाची भीती खरी आहे, पुढच्या मशीनला एअर कूलरच घेईन. सध्या आहे त्यातच करतो. रविवारी एकही कार्यक्रम नाही, तेव्हा उघडतो.

निवृत्त_फिटर
उघडणार असाल तर दोन गोष्टी. पंप काढला की जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि पंपाच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावा, जुन्यावरच परत बसवू नका. आणि पंपाची वायर पंप असं लिहिलेल्या जागी लावून बायोसमध्ये कायम पूर्ण वेगावर ठेवा. पंप तापमानाप्रमाणे कमी-जास्त करायचा नसतो.

फ्रेमरेट
पंख्यांचा वेगही दर सेकंदाला वर-खाली होऊ देऊ नको. प्रोसेसरचा आकडा क्षणात दहा अंश उडी मारतो, पाणी मात्र सावकाश तापतं. तुझ्या एआयओच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचं तापमान दिसत असेल तर पंखे त्यावर बांध. नसेल तर बायोसमध्ये वेग बदलण्याला थोडा उशीर लाव. नाहीतर पंखे दिवसभर घुर्र-घुर्र करत बसतात. आणि चाचणी किमान अर्धा तास चालव, पाणी पूर्ण तापल्याशिवाय आकडा खरा नाही.

टॉवेलवाला
साफ करताना ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने मोकळं फिरू दिलं तर बेअरिंगला मार बसतो. कारखान्याचा कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि त्या जोराने रेडिएटरच्या पट्ट्या वाकतात. हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट दिशेने मारायची.

क्षणचित्र
मंडळी, काम झालं. रेडिएटर वर घेतला, समोर तीन पंखे आत, मागे एक बाहेर. स्पंज काढून नायलॉन जाळी लावली. टॉवेलवाल्यांनी लिहिलेली ती करडी लादी माझ्याकडेही निघाली, मी मागांपासून इतका लांब राहतो तरी! जवळच चादरींचं गोदाम आहे, तिकडूनच येत असणार. पंख्यांना दोनेक हजार लागले.

आकडे, होटगीकरांच्या पद्धतीने. खोली ३७. इको मोडशिवाय प्रोसेसर ९३-९४, कार्ड ७६. इको मोडवर प्रोसेसर ७४, कार्ड ७५. तेच रेंडर पूर्वी तापून मध्येच मंदावायचं, त्यामुळे इको मोडवरही एकूण वेळ आधीइतकाच लागतोय. खुळखुळ बंद. उदबत्ती फिरवून बघितली, मागच्या फटींतून धूर बाहेरच ढकलला जातोय. मोठी रेंडरं आता पहाटे चारला सुरू होतील अशी लावून ठेवतो, तेव्हा स्लॅब जरा निवलेला असतो.

होटगीकर
कार्डाचे सात अंश उतरले, तेच मला हवं होतं. झकास.

वायुप्रेमी
अभिनंदन. पंपाच्या आवाजावर कान ठेवा फक्त.

अंगणातली_तुळस
आमच्या मुलाच्या कॅबिनेटला समोर सबंध काच आहे आणि बाजूला बारीकशा फटी. त्याला नवीन ३६० चा एआयओ हवाय. घेऊ का?

टॉवेलवाला
ताई, आधी पैसे न लागणारी चाचणी करा. समोरची काच काढून ठेवा आणि त्याला अर्धा तास त्याचा नेहमीचा गेम खेळू द्या. आकडा पाच अंशांहून जास्त उतरला तर दोष कूलरचा नाही, काचेचा आहे. मग एआयओच्या निम्म्या पैशांत जाळीचं कॅबिनेट येईल. ते घेताना छताला रेडिएटर बसतो का एवढंच विचारू नका, मदरबोर्डवरच्या रॅमच्या वर किती जागा उरते ते टेप लावून मोजा. रेडिएटर २७ मिमी आणि पंखा २५, असे ५२ मिमी तरी मोकळे लागतात.